वाळवंटातले शनिवार-रविवार

लांबच्या सहलीची वाट पाहत बसण्यापेक्षा घरापासून दोन-तीन तासांच्या आत काय आहे ते पाहिले, तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येचे वाळवंट लहानथोर सगळ्यांना पुरून उरते. मात्र त्यासाठी घड्याळ, उंची आणि पाणी या तिन्हींचे गणित जमायला हवे.

फिनिक्स, टूसॉन, लास वेगास, अल्बुकर्की अशा शहरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये शुक्रवारी रात्री एक प्रश्न हमखास निघतो, ‘उद्या कुठे जायचे?’ पहिल्या वर्षी ग्रँड कॅन्यन पाहून होते, दुसऱ्या वर्षी लास वेगासचे दिवे, तिसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियाचा समुद्र. मग यादी संपते आणि सुट्टीचे दोन दिवस मॉल, आठवड्याचे सामान आणि कपडे धुणे यांतच जातात. एवढ्यात पुण्याहून किंवा नागपूरहून आई-वडील सहा महिन्यांसाठी येऊन दाखल होतात. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नातवंडे शाळेत. आजी-आजोबा मात्र वातानुकूलित घराच्या पडद्याआडून पांढऱ्या उन्हाकडे पाहत बसतात. ‘इथे काय आहे? नुसते दगड आणि काटे,’ असे त्यांचे मत पहिल्या आठवड्यातच होऊन जाते.

हे मत बदलायला विमानाचे तिकीट लागत नाही. एक बरी गाडी, थोडे लवकर उठण्याची तयारी आणि भरपूर पाणी एवढ्यावर काम भागते.

ओसाड म्हणावे तर झाडे चालायला लागतात

दक्षिण ॲरिझोनात पसरलेले सोनोरन वाळवंट हे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नव्हे. येथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो, हिवाळ्यात हलका आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात गडगडाटी. त्यामुळे हा प्रदेश झाडाझुडपांनी भरलेला आहे. त्यांचा राजा म्हणजे सवारो निवडुंग. या नावाच्या इंग्रजी लेखनात ‘ग’ असतो, पण उच्चारताना तो गळून पडतो. जगात हे झाड फक्त याच वाळवंटात आपणहून उगवते.

सवारोची चाल संथ असते. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. त्याला फांद्या, म्हणजे ते उंचावलेले हात, फुटायला सर्वसाधारणपणे पन्नास ते पंचाहत्तर वर्षे जावी लागतात. पुढे तो चाळीस-पन्नास फुटांपर्यंत जातो आणि दीडशे वर्षांहून अधिक जगतो. त्याच्या अंगावर बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या उलगडतात, खोड फुगते आणि पाणी साठते. पाऊस लांबला की त्या पुन्हा मिटतात. आजोबांच्या जन्माआधी कितीतरी वर्षे उभ्या असलेल्या अशा झाडाखाली नातवाला उभे करून फोटो काढला, की त्याला ‘शंभर वर्षे’ म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळते.

वाळवंटाचे स्वतःचे पंचांग आहे. हिवाळ्यात चांगला पाऊस झाला असेल, तर मार्चमध्ये डोंगरउतार केशरी आणि पिवळ्या रानफुलांनी भरून जातात. एप्रिलमध्ये पालो व्हर्डे हे हिरव्या सालीचे झाड पिवळ्या फुलांनी इतके लगडते, की खाली रस्ताही पिवळा होतो. मे महिन्यात सवारोच्या टोकांवर पांढरी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, म्हणून ती पाहायची तर सकाळीच. जूनअखेर त्याची लाल फळे पिकतात. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले तोहोनो ओओडम लोक सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांच्या लांब काठ्यांनी ती उतरवतात, आटवून पाक करतात, आणि त्यांचे नवे वर्ष याच हंगामापासून मोजले जाते.

अर्ध्या दिवसाच्या सहली

फिनिक्समध्ये राहणाऱ्यांनी सुरुवात शहरातूनच करावी. शहराच्या दक्षिणेला असलेले साउथ माउंटन उद्यान सोळा हजार एकरांहून मोठे आहे. त्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने डॉबिन्स लुकआउट या सज्जापर्यंत गाडी थेट जाते. संध्याकाळी पाच-साडेपाचला निघून तेथून मावळतीचा सूर्य आणि हळूहळू उजळत जाणारे शहर पाहून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते. गुडघे दुखणाऱ्यांनाही ही सहल झेपते. काही रविवारी हे रस्ते मोटारींना बंद ठेवून फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना मोकळे केले जातात. निघण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

पापागो पार्कजवळची डेझर्ट बोटॅनिकल गार्डन ही बाग १९३९ सालची. निवडुंगाच्या किती जाती असतात आणि त्यांतली कोणती अंगाला न शिवता पाहावी, याचे शिक्षण येथे आधी घेतलेले बरे. कारण पुढच्या सहलींमध्ये चोया नावाच्या निवडुंगाशी गाठ पडणार असते. त्याचे गोळे नुसते कपड्याला लागले तरी तुटून चिकटतात. ते हाताने काढायला गेल्यास बोटांत रुततात. म्हणून तेथील अनुभवी मंडळी खिशात एक साधी फणी ठेवतात. फणी गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात तो दूर उडवायचा.

शहराच्या पूर्वेला अपाचे जंक्शनपासून अपाचे ट्रेल हा जुना रस्ता निघतो. १९११ मध्ये पूर्ण झालेल्या रूझवेल्ट धरणाचे सामान नेण्यासाठी तो काढला गेला. एका बाजूला सुपरस्टिशन डोंगराचे कडे, मध्येच निळेशार कॅन्यन लेक आणि सतरा-अठरा मैलांवर टॉर्टिया फ्लॅट ही घोडागाड्यांच्या काळातली इवलीशी वस्ती. तिथल्या उपाहारगृहाच्या भिंती गिऱ्हाइकांनी चिकटवलेल्या डॉलरच्या नोटांनी झाकून गेल्या आहेत. मुलांना गाडीत सांगायला एक गोष्टही आहे. १८९१ मध्ये वारलेल्या एका जर्मन माणसाने या डोंगरात सोन्याची खाण सापडल्याचे सांगितले, ठिकाण मात्र नीट सांगितले नाही. तेव्हापासून लोक ती शोधत आहेत आणि काही जण शोधता शोधता जिवालाही मुकले आहेत.

२०१९ मध्ये या भागात मोठा वणवा पेटला. डोंगरावरचे गवत-झुडूप जळाल्यावर आलेल्या पुराने पुढचा कच्चा रस्ता वाहून नेला आणि तो कित्येक वर्षे बंद राहिला. साध्या गाडीने जाणाऱ्या कुटुंबांनी टॉर्टिया फ्लॅटला चहा-आइस्क्रीम घेऊन मागे फिरावे, हेच शहाणपणाचे.

टूसॉन : दीड तासात वाळवंटातून देवदारांत

टूसॉन शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा दोन भागांत सवारो राष्ट्रीय उद्यान विभागलेले आहे. १९३३ पासून संरक्षण मिळालेल्या या जागेला १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पूर्वेकडच्या भागात आठ मैलांचा पक्का वर्तुळाकार रस्ता आहे. गाडी हळू चालवत, जागोजागी थांबत तो पुरा करायला दोन तास सहज लागतात. पश्चिम भागातली अर्ध्या मैलाची फरसबंद पायवाट व्हीलचेअरवरून जाणाऱ्यांसाठीही सोयीची आहे. पश्चिम भागाजवळच १९५२ मध्ये सुरू झालेले ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. नाव संग्रहालयाचे असले तरी ते बरेचसे उघड्यावर आहे. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान आणि खनिजांचा संग्रह असे तिन्ही एकाच तिकिटात पाहायला मिळते. उन्हे चढण्यापूर्वी तेथे पोहोचल्यास प्राणी जागे सापडतात. दहा-अकरानंतर तेही माणसांसारखे सावली धरून झोपतात.

पण टूसॉनची खरी मेजवानी म्हणजे माउंट लेमनचा घाट. हा सुमारे २७ मैलांचा रस्ता १९३३ ते १९५० या काळात मुख्यतः कैद्यांच्या श्रमांतून तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांविरुद्ध काढलेले हुकूम मानायला नकार देणारे गॉर्डन हिराबायाशी हेही त्या कैद्यांत होते. ज्या छावणीत त्यांनी शिक्षा भोगली, त्या जागेला आता त्यांचेच नाव आहे.

घाटाच्या पायथ्याशी सवारोचे रान. काही मैलांनंतर ते मागे पडते आणि गवताळ उतार येतात, मग ओक, मग चित्रविचित्र खडकांचे सुळके, आणि शेवटी पाइन-फरची गर्द झाडी. वरचे टोक आठ हजार फुटांच्याही वर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. दर हजार फूट चढले की हवा साधारण दोन-तीन अंश सेल्सियसने गार होते. खाली ४० अंश असताना वर स्वेटर घातलेली माणसे दिसतात ती त्यामुळेच. अर्ध्या वाटेवरचे विंडी पॉइंट हे ठिकाण गाडीतून उतरल्या उतरल्या दरी दाखवणारे. टोकाशी समरहेवन हे छोटे गाव आहे. २००३ च्या वणव्यात तेथील बहुतेक घरे जळाली. गाव पुन्हा उभे राहिले, पण जळलेल्या झाडांचे सांगाडे अजूनही काही उतारांवर दिसतात.

ज्यांचे आई-वडील नेमके उन्हाळ्यात येतात, त्यांनी ही उंचीची किल्ली लक्षात ठेवावी. या प्रदेशात लांब गेल्याने हवा बदलेलच असे नाही, पण वर गेल्याने ती नक्की बदलते. फिनिक्सकरांना दीड तासावर ५,००० फुटांवरचे पेसन आहे आणि सव्वादोन तासांवर ७,००० फुटांच्या आसपासचे फ्लॅगस्टाफ आहे. आमंत्रणाची तारीख आपल्या हाती असेल, तर मात्र नातवंडांच्या उन्हाळी सुट्टीपेक्षा नोव्हेंबर ते मार्चचा विचार आधी करावा. त्या महिन्यांत आजी-आजोबा रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर पडू शकतील.

लाल खडकांची वाट

फिनिक्सहून उत्तरेला जाताना कॅम्प व्हर्डे गावाजवळ मॉन्टेझुमा कॅसल लागते. चुनखडीच्या उंच कड्याच्या कपारीत बांधलेले पाच मजली, वीस खोल्यांचे हे घर सिनाग्वा लोकांचे आहे. पंधराव्या शतकात ते येथून निघून गेले. नाव ॲझ्टेक सम्राटाचे, पण तो जन्मला तेव्हा हे घर रिकामे होऊन काही दशके झाली होती. शिवाय हा किल्लाही नव्हे. नाव चुकीचे असले तरी बांधकाम पक्के आहे, आणि ते पाहायला जाणारी वाट आखूड, सपाट व झाडांच्या सावलीतली आहे. वर चढून जायची परवानगी मात्र नाही.

तेथून थोड्याच अंतरावर सेडोना. लोहाच्या गंजाने लाल झालेले सुळके आणि बुरूज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे. सकाळी ते विटकरी दिसतात, संध्याकाळी निखाऱ्यासारखे. १९५६ मध्ये लाल खडकांतच बांधलेले चॅपल ऑफ द होली क्रॉस बाहेरून जितके साधे, तितकेच आतून शांत. सेडोनाची अडचण एकच, गर्दी. शनिवारी वाहनतळ लवकर भरतात, म्हणून फिनिक्सहून पहाटे साडेपाचला निघणाऱ्यांनाच सेडोना सुखाने दिसते. काही जागी गाडी उभी करायला वेगळा पास लागतो, तोही आधीच घेऊन ठेवावा.

सेडोनाहून फ्लॅगस्टाफकडे जाणारा ओक क्रीक कॅन्यनचा रस्ता तीस मैलांच्या आतला. तरीही तो घाईने पार करू नये. खाली झुळझुळणारा ओढा, दोन्ही बाजूंना कडे आणि शेवटी नागमोडी चढ. ऑक्टोबरमध्ये इथली पाने पिवळी-तांबडी होतात. वाटेत स्लाइड रॉक हे उद्यान आहे. पूर्वी ही सफरचंदांची वाडी होती. ओढ्याच्या गुळगुळीत खडकावरून पाण्याबरोबर घसरत जायला मुले तासन्‌तास दमत नाहीत. पाणी गार असते आणि शेवाळ निसरडे, तेव्हा मोठ्यांपैकी एकाने काठावर बसून लक्ष ठेवलेच पाहिजे.

थोडे लांब, पण एका मुक्कामात

ॲरिझोनाच्या ईशान्येला पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे ओंडके येथे गाळाखाली गाडले गेले. लाकडाच्या जागी हळूहळू सिलिका बसत गेली आणि ओंडक्यांचे रंगीत दगड झाले. २८ मैलांचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, त्यातच रंगीबेरंगी मातीचे पेंटेड डेझर्टही येते. येथून दगडी लाकडाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. तरीही लोक उचलतात आणि पुढे मन खाऊ लागले की क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतात. असे परत आलेले तुकडे मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण ती जागा कुणालाच ठाऊक नसते. त्यांचा वेगळा ढीगच झाला आहे. मुलांना प्रामाणिकपणाचा धडा द्यायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही. आठवण हवीच असेल, तर खासगी जमिनीतून काढलेले तुकडे उद्यानाबाहेरच्या दुकानांत मिळतात.

लास वेगासमध्ये राहणाऱ्यांना किंवा तेथे पाहुणे म्हणून गेलेल्यांना शहरापासून सतरा मैलांवर रेड रॉक कॅन्यनचा १३ मैलांचा एकदिशा रस्ता आहे. ऑक्टोबर ते मे या काळात तेथे वेळ आधी राखून ठेवावी लागते. तासाभरावरचे व्हॅली ऑफ फायर हे लाल वालुकाश्माचे उद्यानही असेच देखणे आहे.

न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोजवळ व्हाइट सँड्स आहे. २७५ चौरस मैलांवर पसरलेल्या या पांढऱ्याशुभ्र टेकड्या वाळूच्या नव्हेत, जिप्समच्या आहेत. ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती आपल्याकडे बनतात, तो याच खनिजापासून तयार होतो. जिप्सम उन्हात फारसे तापत नाही, त्यामुळे मुले अनवाणी खेळतात आणि घसरगाडीवरून टेकड्या उतरतात. आत आठ मैलांचा रस्ता जातो. शेजारीच लष्कराचे क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्र असल्याने हा रस्ता कधीकधी काही तास बंद असतो. डिसेंबर २०१९ मध्ये ही जागा राष्ट्रीय उद्यान झाली. येथे सापडलेल्या मानवी पाऊलखुणा २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. त्यांत लहान मुलांचीही पावले आहेत.

दोन बाटल्या पाणी

याच शुभ्र टेकड्यांत ऑगस्ट २०१५ मध्ये फ्रान्सहून आलेले एक जोडपे आपल्या नऊ वर्षांच्या मुलासह पायवाटेने चालायला निघाले. सगळा फेरा पाच मैलांहून कमी. पारा ३८ अंशांच्या आसपास. तिघांत मिळून दोन छोट्या बाटल्या पाणी. वाटेत आईला बरे वाटेना म्हणून ती मागे फिरली, बाप-लेक पुढे गेले. दोघेही मोठे त्या दिवशी उष्णतेने दगावले, मुलगा वाचला. आई-वडील स्वतः एक घोट घेत तेव्हा मुलाला दोन घोट पाजत, असे तपासात पुढे आले. बहुधा त्यामुळेच तो तगला, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले.

ही घटना भीती घालण्यासाठी सांगितलेली नाही. ते जोडपे साहसवीर नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच ते सुट्टीत मुलाला घेऊन फिरायला आलेले होते. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना काढलेल्या माणसाला ऊन नवे नसते आणि नेमका तोच येथे फसतो. आपल्याकडच्या रस्त्यावर पाणपोई असते, रसवंती असते, हाक मारली तर ओ देणारे कुणी असते. येथे मैलोगणती यांपैकी काहीच नसते. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळतही नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तेथे त्या वर्षी उष्णतेने ६४५ माणसे दगावल्याची नोंद आहे.

म्हणून नियम साधा ठेवावा. मे ते सप्टेंबर सखल वाळवंटात पायी भटकंती सकाळी आठपर्यंत आटोपावी. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी गाडीत असावे. सोबतचे निम्मे पाणी संपले की, समोर कितीही सुंदर दृश्य असो, मागे फिरावे. नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही पोटात जायला हवे. लिंबू-सरबत, मीठ-जिरे घातलेले ताक, कोकमाचे सरबत हे आपले घरचे उपाय येथे अगदी उपयोगी पडतात. डोके दुखणे, मळमळणे, चिडचिड ही पहिली लक्षणे. असे काही दिसताच त्या व्यक्तीला सावलीत किंवा गार गाडीत आणावे, अंग ओले करून वारा घालावा. बोलणे असंबद्ध झाले तर क्षणही न दवडता ९११ या क्रमांकावर मदत मागवावी. बंद गाडीत मूल ‘पाच मिनिटांसाठी’ सुद्धा कधीही ठेवू नये.

तिथलाही मान्सून

ॲरिझोनातही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. पहिल्या सरीनंतर क्रिओसोट नावाच्या झुडपाचा जो वास सुटतो, तो आपल्या ओल्या मातीच्या वासाइतकाच मन हलके करणारा असतो. पण हा पाऊस बेभरवशाचा. ‘वॉश’ म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे. डोंगरात कुठेतरी ढग फुटला, की निळ्या आकाशाखाली या ओढ्यांतून लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत अकरा पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस त्यांच्यावर पडला नव्हता, कित्येक मैल दूर पडला होता.

फूटभर खोल वाहते पाणीही लहान गाडी वाहून नेऊ शकते. रस्त्यावर अडथळा लावलेला असताना जो गाडी पाण्यात घालतो, त्याच्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदाच ॲरिझोनात आहे. लोक त्याला ‘मूर्ख वाहनचालकाचा कायदा’ म्हणतात. दुसरे संकट धुळीच्या वादळाचे. फिनिक्स-टूसॉन महामार्गावर ती पुष्कळदा येतात. अशा वेळी गाडी रस्त्याच्या शक्य तितकी बाहेर घ्यावी, हँडब्रेक लावावा, ब्रेकवरचा पाय काढावा आणि सगळे दिवे बंद करावेत. दिवे चालू राहिले तर मागचा त्यांनाच रस्ता समजून येऊन आदळतो.

निघण्यापूर्वी

• पेट्रोलची टाकी निम्मी झाली की पहिल्या पंपावर भरून घ्यावी. पुढचा पंप साठ मैलांवर असू शकतो.

• स्टेपनीतली हवा, जॅक, गाडीचे कूलंट आणि एसी आदल्या दिवशी तपासावे.

• आडरस्त्यांवर मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, एक कागदी नकाशाही असू द्यावा. कुठे जातो आणि केव्हा परतणार ते शेजाऱ्याला किंवा मित्राला सांगून निघावे.

• गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

• शिदोरीत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, लाडू असे टिकणारे पदार्थ घ्यावेत. दही-दूध आइसबॉक्समध्येच.

• मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या रस्त्यांवर तपासणी नाके असतात. नागरिक नसलेल्या प्रत्येकाने, विशेषतः पाहुण्या आई-वडिलांनी, पासपोर्ट, व्हिसा व प्रवेशाची नोंद जवळ ठेवावी.

• ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण शेजारची राज्ये आणि नावाहो भूमीत करतात. प्रवेशाची वेळ राखून ठेवताना हा तासाचा फरक ध्यानात घ्यावा.

• वर्षातून तीन-चार उद्याने पाहायची असतील तर वार्षिक पास स्वस्त पडतो का ते पाहावे. शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून दर वेळी खात्री करून घ्यावी.

वाळवंटाची सहल सूर्य मावळला म्हणून संपत नाही. उलट ऊन ओसरले की येथील हवा माणसाला बाहेर बोलावते. फ्लॅगस्टाफने आपले दिवे मंद आणि जमिनीकडे झुकलेले ठेवायचे ठरवले. २००१ मध्ये रात्रीचे आकाश जपणारे जगातले पहिले शहर म्हणून त्याचा गौरव झाला. याच गावच्या लॉवेल वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला. गावाबाहेर गाडी सुरक्षित जागी उभी करून दिवे मालवले आणि दहा मिनिटे डोळ्यांना सवय होऊ दिली, की आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसू लागते. मुंबई-पुण्याच्या मुलांनी ती पुस्तकातच पाहिलेली असते. आजोबांनी मात्र लहानपणी गावच्या अंगणात बाजेवर पडून पाहिलेली असते. सप्तर्षी कुठे, व्याध कुठे हे त्या रात्री नातवंडांना तेच दाखवू शकतात. ज्यांना महिनाभर ‘तुम्हाला इथले काही कळणार नाही’ असे ऐकावे लागले, त्यांच्याकडे आता सगळे घर प्रश्न विचारत असते.